फासा कोण टाकतं?

आपण बायका घरातल्या वस्तूंना बाहेरून जेवढ्या ओळखतो, त्याहून जास्त आतून ओळखतो. कुकर नुसताच फुसफुसायला लागला की रिंग सैल झालीय, हे आपण आतल्या खोलीतून सांगतो. मिक्सर गरगरतोय पण वाटण काही फिरत नाही, म्हणजे खालचं कपलर गेलं. शिलाई मशीन टाके सोडायला लागली की आधी सुई बदलायची, मग बॉबिन केस उघडून बघायची, आणि तरीही जमलं नाही तरच मेकॅनिकला बोलवायचं. हे आपल्याला कुठल्या कॉलेजात शिकवलेलं नसतं. वस्तू रोज वापरायची तर तिच्या पोटात काय आहे ते माहीत हवं, एवढा साधा व्यवहार त्यामागे असतो.

मग मोबाइलच्याच बाबतीत आपण इतक्या परक्यासारख्या का वागतो? सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री उशाशी ठेवेपर्यंत हातात असणारी ही वस्तू. तिच्यावर आपण पैसे पाठवतो, रेसिपी बघतो, लुडो खेळतो, पोरं रडायला लागली की तीच हातात देतो. पण ती आत काय करते असं कुणी विचारलं, तर "ते पोरांना विचारा" म्हणून मोकळ्या होतो! आणि पोरांना विचारावं, तर त्यांनाही कुठं दाबायचं तेवढंच माहीत असतं.

मी उचगावात कॉम्प्युटरचा क्लास घेते. दुपारची बॅच खास बायकांची. कुणी गांधीनगरच्या कापड दुकानात बिलं करते, कुणी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामाला जाते, कुणी बचत गटाची सचिव आहे. २००१ साली एमएस-सीआयटी सुरू झालं आणि गावोगावच्या बायकांचा माउसला हात लागला. ही मोठीच गोष्ट झाली. पण या सगळ्या शिकण्यात भर राहिला तो 'इथं क्लिक करा, मग तिथं क्लिक करा' यावर. यंत्राच्या आत डोकावण्याची वेळ आलीच नाही.

अशाच एका दुपारी चहाच्या सुट्टीत दोघीतिघी मोबाइलवर लुडो खेळत होत्या. त्यातल्या एकीनं मान वर करून विचारलं, "मॅडम, ह्यातला फासा कोण टाकतंय वो? मला तर वाटतंय, मोबाइल मुद्दाम सहा देत न्हाई!" बाकीच्या हसल्या. मला मात्र वाटलं, कॉम्प्युटरबद्दल इतका नेमका प्रश्न आजवर क्लासमध्ये कुणी विचारला नव्हता. कारण हाताला हात लावलेला नाही, कवड्या खुळखुळलेल्या नाहीत, तरी पडद्यावर चार पडतात, दोन पडतात. कुणीतरी ते ठरवतंच ना?

लुडो तसा आपलाच. पचिसीचा खेळ इंग्रजांनी उचलला, सोपा केला आणि १८९६ साली इंग्लंडमध्ये लुडो या नावानं त्याचं पेटंट घेतलं. पुढं २०१६ साली नवी मुंबईतल्या एका कंपनीनं 'लुडो किंग' मोबाइलवर आणला आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तो घराघरात पोचला. माहेर-सासर एका पटावर आलं. पण पट बदलला तसा फासाही बदलला. हातातला फासा उसळतो, कोलांट्या खातो, जमिनीच्या खडबडीवर अडखळतो. मोबाइलमध्ये यातलं काहीच नाही. तिथं फासा म्हणजे गणित.

हे गणित आपण वहीत करून बघू. एकपासून सुरुवात करा. आकड्याची तिप्पट करा, आलेल्या उत्तराला सातानं भागा आणि फक्त बाकी ठेवा. एकाची तिप्पट तीन, बाकी तीन. तिनाची तिप्पट नऊ, सातानं भागलं तर बाकी दोन. दोनाची तिप्पट सहा. सहाची अठरा, बाकी चार. चाराची बारा, बाकी पाच. पाचाची पंधरा, बाकी एक. बघा, काय आलं? ३, २, ६, ४, ५, १. फाशाचे सहाही आकडे आले, आणि उलटसुलट क्रमानं आले. ज्याला युक्ती माहीत नाही त्याला वाटेल, नशिबानं पडले!

कॉम्प्युटर साधारणपणे हेच करतो. फक्त त्याचे आकडे प्रचंड मोठे असतात, त्यामुळे तोच क्रम पुन्हा कधी येतो ते आपल्या लक्षात येत नाही. आणि सुरुवात कुठल्या आकड्यापासून करायची, ते बऱ्याचदा घड्याळावरून ठरतं. तुम्ही कोणत्या क्षणी बटण दाबलं, त्यावरून पहिला आकडा मिळतो आणि गिरणी फिरायला लागते. म्हणजे यात ना नशीब, ना मोबाइलचा राग. आत एक नियम आहे आणि तो कुणीतरी माणसानं लिहिलेला आहे.

या नियमाची गंमत कॅरोल शॉ या बाईंनी फार छान वापरली. व्हिडिओ गेम बनवण्याची नोकरी करणाऱ्या अगदी सुरुवातीच्या बायकांपैकी त्या एक. १९८२ साली त्यांनी 'रिव्हर रेड' नावाचा गेम केला. नदीवरून विमान न्यायचं, काठाला धडकू द्यायचं नाही. नदी लांबच लांब, कुठं रुंद, कुठं चिंचोळी, मध्येच बेट. आणि हे सगळं ठेवायला जागा होती फक्त चार किलोबाइट! आज मोबाइलवर काढलेला एक फोटो त्याच्या शेकडो पट जागा खातो. मग एवढी नदी मावली कशी? शॉबाईंनी नदी साठवलीच नाही. त्यांनी नदी तयार करणारा नियम साठवला. आपल्या तिप्पट-आणि-बाकीसारखाच, पण वेगळ्या हिशेबाचा. सुरुवातीचा आकडा तोच, म्हणून दरवेळी नदीही तीच, वळणासकट. आपण तरी शंभर चकल्या डब्यात भरून माहेरी कशाला न्यायच्या? भाजणीचं प्रमाण सांगितलं की तिकडंही तशाच होतात!

आता पुढचा प्रश्न. हे आकडे आणि हे नियम राहतात कशात?

बटणांत. भिंतीवर लाईटचं बटण असतं तसंच, चालू किंवा बंद. मोबाइलच्या चिपमध्ये अशी शेकडो कोटी बारीक बटणं असतात. ती बोटानं दाबत नाहीत, विजेनंच विजेला चालू-बंद करायचं. एक बटण दोनच गोष्टी सांगू शकतं. दोन बटणं मिळून चार, तीन मिळून आठ. असं दुप्पट करत गेलं की आठ बटणांवर २५६ वेगवेगळ्या मांडण्या होतात. म्हणजे शून्यापासून २५५ पर्यंतचे आकडे मांडता येतात. २५५ मध्ये आणखी एक मिळवला की? जुन्या स्कूटरचं मीटर नऊ-नऊ-नऊ झाल्यावर शून्यावर येतं, तसंच होतं. सगळं पुन्हा पहिल्यापासून.

'पॅक-मॅन'मध्ये खरंच असं झालं. १९८० साली जपानमध्ये नामको कंपनीच्या तोरू इवातानी यांनी हा गेम बनवला. त्या काळी व्हिडिओ गेमची दुकानं म्हणजे पोरांचे अड्डे, आणि गेम म्हणजे नुसती मारामारी. इवातानींना वाटलं, बायकांनाही खेळावंसं वाटेल असं काहीतरी करावं. म्हणून त्यांनी खाण्याचा खेळ केला! जपानीत 'पाकुपाकु' म्हणजे आपलं मटामटा खाणं. तोंड उघडत-मिटत ठिपके खात जाणारा तो पिवळा गोळा जगभर गाजला. पण त्यातली पातळी मोजायला आठच बटणं ठेवलेली. कुणी २५५ पातळ्यांच्या पुढं जाईल, असं बनवणाऱ्यांच्या मनातही नसावं. खेळणारे गेले! २५६व्या पातळीला मोजणी उलटून शून्यावर आली, खालची फळं काढायचा हिशेब बिघडला आणि पडद्याच्या उजव्या अर्ध्या भागात अक्षरं-आकड्यांचा नुसता पसारा झाला. यंत्र बिघडलेलं नव्हतं. त्यानं सांगितलेला नियम शेवटपर्यंत पाळला होता, एवढंच.

चालू-बंदची ही भाषा आपल्या भागाला नवी नाही. इथून तासाभरावर इचलकरंजी. तिथं १९०४ साली पहिला यंत्रमाग आला आणि पुढं गावाची ओळखच बदलली. काठापदराची नक्षी विणणारा जॅकार्ड माग ज्यांनी पाहिलाय, त्यांना माहीत असेल. त्यावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते. भोक असलं की तो धागा वर उचलला जातो, नसलं की खालीच राहतो. भोक आहे किंवा नाही, धागा वर किंवा खाली. एवढ्यावर मोर उमटतात. फ्रान्समधल्या जॅकार्ड या विणकरानं १८०४ च्या सुमाराला ही युक्ती पक्की केली. इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेज यांनी हेच पुठ्ठे गणित करणाऱ्या यंत्राला लावायचं ठरवलं. त्यांचं यंत्र काही पुरं झालं नाही, पण त्या यंत्राला पायरी-पायरीनं गणित कसं सांगायचं ते १८४३ साली लिहून ठेवलं एडा लव्हलेस या बाईंनी. आजही जगातल्या पहिल्या प्रोग्रॅमर म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं.

आणि ही गोष्ट तर आपल्या प्रत्येकीला माहीत हवी. १९६९ साली माणूस चंद्रावर उतरला, त्या अपोलो यानातल्या कॉम्प्युटरचे नियम अमेरिकेतल्या एका कारखान्यात बायकांनी हातानं विणले होते. अक्षरशः विणले! बारीक लोखंडी कड्या आणि तांब्याची तार. तार कडीतून ओवली की एक, कडीच्या बाहेरून नेली की शून्य. एक टाका चुकला की एक आज्ञा चुकली. त्यातल्या काहीजणी कापडगिरणीत आणि घड्याळाच्या कारखान्यात काम केलेल्या होत्या. यानात चालायच्या त्या आज्ञा लिहिणाऱ्या चमूच्या प्रमुख होत्या मार्गारेट हॅमिल्टन. म्हणजे लिहिणारी बाई आणि विणणाऱ्याही बायका. आपल्याकडं, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली 'टिफ्रॅक' हा देशात बनलेला कॉम्प्युटर सुरू झाला. त्याचीही आठवण अशाच तारेत ओवलेल्या बारीक चुंबकी कड्यांत असे. मण्यांचं तोरण करणाऱ्या बाईला हे परकं वाटायचं काय कारण?

चित्रांचंही तसंच. पडदा म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. प्रत्येक ठिपक्याला कुठला रंग भरायचा त्याचा आकडा असतो. आताच्या मोबाइलचे ठिपके इतके बारीक आणि दाट असतात की आपल्याला सलग चित्र दिसतं. जुन्या गेममध्ये मात्र ते उघड दिसत. तुमच्यापैकी अनेकींच्या घरी टीव्हीला जोडायचा तो गेम असेल. कॅसेट घालायची आणि मारिओ पळवायचा. नाही चालली की पोरं कॅसेट फुंकायची! फुंकण्याचा खरा उपयोग नव्हता बरं का. कॅसेट काढून परत बसवली की आतल्या पट्ट्या नीट टेकायच्या, म्हणून गेम चालायचा. फुंकरीतल्या ओलाव्यानं उलट पट्ट्या गंजायच्या. आत काय आहे ते ठाऊक नसलं की असे तोडगे तयार होतात.

तो 'सुपर मारिओ' १९८५ चा. चित्रं, आज्ञा सगळं मिळून ४० किलोबाइटचा. जागा वाचवायला त्यांनी काय केलं असेल? आभाळातले ढग आणि जमिनीवरची झुडपं, दोन्हींसाठी एकच चित्र वापरलं. पांढरा रंग भरला की ढग, हिरवा भरला की झुडूप! एका साडीच्या पडद्याही होतात आणि गोधडीही, हे ज्या बाईला कळतं, तिला हे लगेच कळेल.

राहता राहिलं ते गेममधल्या शत्रूंचं. पोरं म्हणतात, "आई, तो लई हुशार आहे, मला बरोबर गाठतो." पॅक-मॅनमधली चार भुतं घ्या. तांबडं भूत तुम्ही जिथं आहात तिथं येतं. गुलाबी भूत तुमच्या तोंडासमोर चार घरं पुढचा नेम धरतं. निळं भूत तुमच्याकडं आणि तांबड्याकडं, दोघांकडं बघून जागा ठरवतं. केशरी लांबून पाठलाग करतं आणि जवळ आलं की आपल्या कोपऱ्याकडं वळतं. बस्स. प्रत्येकाला एकच सूचना. चारी मिळून मात्र असं वाटतं की यांनी आट्यापाट्यांसारखा डाव रचलाय. भुतांच्या डोक्यात काही नाही. जे काही आहे ते सूचना लिहिणाऱ्याच्या डोक्यात. आणि ज्यांनी या सूचना ओळखल्या, ते खेळाडू भुतांना सहज चकवत गेले.

आता तुम्ही म्हणाल, मॅडम, एवढं सगळं कळून करायचं काय? पोळ्या का लवकर होणार आहेत? इथंच तर मला खरं बोलायचं आहे.

जुन्या गेमचे नियम खेळ रंगावा म्हणून लिहिलेले असत. आजच्या अनेक मोबाइल गेमचे नियम, आपण उठू नये आणि पैसे मोजावेत म्हणून लिहिलेले असतात. २०१२ साली आलेला 'कँडी क्रश' तुमच्यापैकी कितीतरी जणी खेळल्या असाल. पाच जीव मिळतात. संपले की अर्ध्या तासानं एक परत येतो. थांबवत नसेल तर पैसे द्या! हा अर्धा तास कुठून आला? तो कुणीतरी विचार करून ठेवलाय. इतका लांब की कंटाळा यावा, इतका छोटा की विसरू नये. रोज उघडलं की बक्षीस, एक दिवस चुकला की साखळी तुटली. हेही नियमच.

आणि सगळ्यात चलाख नियम म्हणजे बंद पेटी. पैसे देऊन पेटी घ्यायची, आत काय निघेल ते माहीत नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर प्रयोग केले होते. ठरलेल्या टोचींनंतर दाणा मिळाला की कबुतर दाणा घेऊन जरा थांबे. कधी दोन टोचींनी, कधी वीस टोचींनी, असा बेभरवशाचा दाणा सुरू केला की ते थांबायचं नावच घेत नसे. मटक्याचा आकडा लावणारा माणूस आपण पाहिलेला आहे. त्याला नेहमी वाटतं, उद्या लागणार. गेममधली पेटी मुलाच्या मनात तीच 'उद्या'ची आशा पेरते, आणि तीही रंगीत, गाणारी.

आमच्या भागातल्या एका ताईंच्या खात्यावर दिवाळीआधी भिशीचे पैसे आले होते. त्यातून थोडेथोडे करून गेले. ४९ रुपये, ९९ रुपये, कधी १९९. सातवीतलं पोरगं, आईचा पिन त्याला पाठ. घरात एकच मोबाइल, मेसेज यायचे तेही त्यालाच आधी दिसायचे. कळलं तेव्हा पोरानं मार खाल्ला, मोबाइल कपाटात गेला आणि चार दिवसांनी अभ्यासाचं निमित्त होऊन परत त्याच्याच हातात आला. घरात सगळे पोराला वाईट म्हणाले, आईला निष्काळजी म्हणाले. ताई तर महिनाभर कुणाच्या तोंडाकडं बघत नव्हत्या. पण त्या पेटीचा नियम काय होता, किती पेट्यांमागे एक चांगली वस्तू निघायची, हे विचारायचं कुणाला सुचलंच नाही. मला वाटतं, लाज वाटायची ती त्या ताईंना वाटायचं कारण नव्हतं. समोर नियम लिहायला शिकलेली माणसं बसलेली आणि इकडं नियम असतो हेच माहीत नसलेलं घर. हा डाव बरोबरीचा नाही.

महाभारतातला द्यूताचा प्रसंग आठवा. फासे शकुनी टाकत होता. धर्मराज हरत गेला, पण डाव सोडून उठला नाही. भर सभेत नियमाचा प्रश्न विचारला तो द्रौपदीनं. आधी स्वतःला हरलेल्याला मला पणाला लावायचा हक्क उरतो का? मोठमोठे जाणते तिथं बसले होते, आणि त्यांना नीट उत्तर देता आलं नाही. नियमावर बोट ठेवायला बाईला कुणाची परवानगी लागत नाही, हे तेव्हापासूनचं आहे.

सरकारनं काही केलंच नाही असं नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा कायदा केला. शिक्षा खेळणाऱ्याला नाही. असे गेम चालवणाऱ्याला आणि त्यांची जाहिरात करणाऱ्याला आहे. चांगलं झालं. रमीच्या नादानं बुडालेली घरं आपण पाहिली आहेत. पण पैसे जिंकून देतो असं न म्हणणारे, फक्त पेट्या आणि जीव विकणारे 'फुकट' गेम चालूच आहेत. घराच्या आतलं दार आपल्यालाच बघावं लागणार.

त्यासाठी मोबाइल फोडायला नको आणि पोरालाही झोडायला नको. त्याच्या शेजारी बसा आणि तीन गोष्टी विचारा. हा गेम फुकट आहे, मग बनवणाऱ्यांचे पगार कुठून होतात? हरल्यावर हा तुला काय करायला सांगतो? आणि हा नियम तू लिहिला असतास तर कसा लिहिला असतास? तिसऱ्या प्रश्नाला पोरं खुलतात, माझा अनुभव आहे. नियम दिसायला लागला की पेटीची जादू निम्मी उतरते. शिवाय पिन मुलांना सांगू नका, आणि प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागायची सोय आहे, ती चालू करून ठेवा. दाराला कडी लावतोच ना आपण?

आणि एक बोलल्याशिवाय राहवत नाही. आपल्या घरांत गेम खेळायला मोबाइल मिळतो तो मुलाला. मुलीला तो मिळतो अभ्यास संपला, भांडी झाली आणि दादाला कंटाळा आला की. कॉम्प्युटर बिघडला तर "दादाला बघू दे" म्हणतो. कशाच्या जोरावर? 'कॉम्प्युटर' हे मुळात यंत्राचं नाव नव्हतं, हिशेब करणाऱ्या माणसांचं होतं, आणि पुढं त्या कामावर बायकाच जास्त असायच्या. १९४६ साली अमेरिकेत 'एनियाक' हे खोलीएवढं यंत्र जगाला दाखवलं, त्याला गणितं सांगणाऱ्या सहा जणी होत्या. कौतुक झालं ते यंत्राचं आणि साहेबांचं, या सहा जणींची नावं लोकांपुढं यायला कित्येक वर्षं गेली. मुलींना डोकं नाही म्हणून त्या मागे राहिल्या, असं कुणी म्हणालं तर हे सांगा. संधी आणि नाव, दोन्ही काढून घेतल्यामुळे त्या दिसेनाशा झाल्या.

सुट्टी लागली की मुलांच्या चौकड्याच्या वहीतलं एक पान घ्या. आठ चौकडे आडवे, आठ उभे. मुलीला म्हणावं, यात एक मांजर भर. भरलेल्या घराला एक, रिकाम्याला शून्य असं ओळीनं लिही, आणि ते आकडे शेजारच्या मैत्रिणीला फोनवर वाचून दाखव. तिकडं तिच्या वहीत मांजर उमटलं की समजा, दोघींना कॉम्प्युटर कळायला सुरुवात झाली. मग तिप्पट-आणि-बाकीचा फासा करा. घरात कॉम्प्युटर असेल, तर 'स्क्रॅच' नावाचं साधन फुकट मिळतं. एमआयटी या अमेरिकेतल्या संस्थेनं ते २००७ साली मुलांसाठी खुलं केलं. त्यात ठोकळ्याला ठोकळा जोडून स्वतःचा गेम करता येतो. मांजर चालवा, उडी मारायला लावा, भिंतीला आपटलं की 'आई गं' म्हणायला लावा.

एवढंच सांभाळा की माउस मुलीच्या हातात राहील. भाऊ मध्ये हात घालायला आला, तर त्या वेळी भाजी निवडायला त्याला बसवा.